तांबड्या पेशींची साक्ष

प्रस्तावना

घसा दुखणे, अंगावर गळू येणे, आव पडणे, जखम चिघळणे ही दुखणी घरोघरी माहीत असतात. त्यांमागे बहुधा सूक्ष्मजीव असतात, हेही आपण ऐकलेले असते. परंतु इतका लहानसा जीव माणसाच्या शरीराला नेमकी इजा करतो ती कशी? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या रक्तातच मिळते. अनेक जीवाणू आपल्याभोवती विषारी प्रथिने सोडतात. त्यांतील काही प्रथिने रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. प्रस्तुत पाठात या क्रियेचा परिचय करून दिला आहे. शास्त्रीय माहिती मराठीत नेमकेपणाने आणि सुबोध रीतीने कशी मांडावी, याचाही अभ्यास आपण या पाठाच्या आधारे करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• तांबड्या पेशीची रचना आणि तिचा दुबळेपणा यांचा संबंध सांगणे;
• जीवाणूंची विषे तांबड्या पेशींचा नाश कोणकोणत्या रीतींनी करतात, हे स्पष्ट करणे;
• रक्तविलयनाचा रोगनिदानासाठी होणारा उपयोग आणि त्याच्या मर्यादा ओळखणे;
• साध्या वाटणाऱ्या घसादुखीकडेही डोळसपणे का पाहावे, हे स्वतःच्या शब्दांत लिहिणे;
• पारिभाषिक शब्दांची घडण समजून घेऊन त्यांचा वाक्यांत उपयोग करणे.

मूलपाठ

१. तांबड्या बशीतील फिकट वलय

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलात तर काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या चपट्या बश्या रचून ठेवलेल्या दिसतील. त्यांपैकी काही बश्या गडद तांबड्या असतात. समुद्रशैवालापासून मिळणारा अगार नावाचा पदार्थ आणि पोषक द्रव्ये यांच्या मिश्रणात थोडे रक्त, बहुधा मेंढीचे, मिसळून त्यांतील थर तयार केलेला असतो. ताप आलेल्या आणि घसा सुजलेल्या मुलाच्या घशातून कापसाच्या बोळ्याने घेतलेला नमुना या थरावर रेषा ओढल्याप्रमाणे पसरतात व बशी रात्रभर शरीराच्या तापमानाइतक्या उबेत ठेवतात.

दुसऱ्या दिवशी बशी उजेडासमोर धरली की कधीकधी एक विलक्षण दृश्य दिसते. टाचणीच्या टोकाएवढे करडे ठिपके उगवलेले असतात आणि प्रत्येक ठिपक्याभोवती स्वच्छ, पारदर्शक वलय पडलेले असते. तेथला तांबडा रंग नाहीसा झालेला असतो. ठिपका म्हणजे जीवाणूंची वसाहत. वलय म्हणजे त्या जीवाणूंनी सोडलेल्या विषामुळे तांबड्या पेशी जेथवर फुटल्या ती जागा. तांबड्या पेशी फुटून त्यांतील हिमोग्लोबिन बाहेर पडण्याच्या या क्रियेला रक्तविलयन असे म्हणतात.

जर्मन वैद्य हुगो शॉटम्युलर यांनी १९०३ साली रक्तमिश्रित माध्यमाच्या साहाय्याने मालागोलाणूंचे, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंचे, प्रकार वेगळे करता येतात असे दाखवले. पुढे १९१९ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स हॉवर्ड ब्राऊन यांनी या खुणांना आल्फा, बीटा आणि गॅमा ही नावे दिली. वलय पूर्ण स्वच्छ असेल तर बीटा. पेशी पूर्णपणे न विरघळता हिमोग्लोबिनचा रंग पालटून हिरवट छटा आली तर आल्फा. आणि काहीच बदल झाला नाही तर गॅमा. शतक उलटले तरी ही नावे आजही वापरात आहेत.

२. केंद्रक नसलेली पेशी

तांबडी पेशी इतक्या सहजपणे का फुटते, हे समजण्यासाठी तिची रचना पाहिली पाहिजे. तांबड्या पेशीलाच पाठ्यपुस्तकांतून लोहित रक्तकणिका असेही म्हणतात. तिचा व्यास सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर असतो. म्हणजे एका मिलिमीटरच्या अंतरात अशा सव्वाशे ते दीडशे पेशी ओळीने बसतील. ती दोन्ही बाजूंनी मधोमध दबलेल्या चकतीसारखी असते. या आकारामुळे ती लवचीक बनते आणि स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही अंग चोरून पुढे सरकते. प्रौढ माणसाच्या शरीरात अशा २० ते ३० लाख कोटी पेशी असतात.

या पेशीने प्राणवायू वाहून नेण्याच्या एकाच कामासाठी जणू सर्वस्वाचा त्याग केलेला आहे. अस्थिमज्जेत वाढत असताना तिला केंद्रक असते. परंतु रक्तप्रवाहात शिरण्यापूर्वी ती ते टाकून देते. प्रथिने तयार करणारी यंत्रणाही पुढे नाहीशी होते. मोकळ्या झालेल्या जागेत हिमोग्लोबिन भरलेले असते. एका पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू मावतात. अशा स्थितीत ती सुमारे १२० दिवस जगते आणि अखेरीस प्लीहा व यकृत यांतील भक्षक पेशी तिला गिळून तिच्यातील लोह पुन्हा वापरासाठी परत करतात.

या त्यागाची किंमत मात्र तिला मोजावी लागते. इतर पेशींच्या पटलाला छिद्र पडले, तर पुष्कळदा त्या नवी सामग्री आणून ते बुजवू शकतात. तांबड्या पेशीजवळ अशी फारशी सोय नसते. तिच्या आणि मृत्यूच्या मध्ये उभे असते ते केवळ एक पातळ पटल. मेदरेणूंचा दुहेरी थर, त्यांत मिसळलेले कोलेस्टेरॉल आणि आतून आधार देणारी प्रथिनांची जाळी, एवढेच त्याचे स्वरूप.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा.
(अ) बशीतील स्वच्छ, पारदर्शक वलय कशाचे द्योतक आहे?
(१) जीवाणू मेल्याचे (२) तांबड्या पेशी फुटल्याचे (३) अगार वितळल्याचे (४) रक्त गोठल्याचे
(आ) रक्तप्रवाहातील तांबड्या पेशीत पुढीलपैकी काय नसते?
(१) हिमोग्लोबिन (२) पटल (३) केंद्रक (४) लोह

३. पटल भेदण्याच्या तीन रीती

जीवाणूंची विषे या पटलावर निरनिराळ्या रीतींनी हल्ला करतात.

पहिली रीत मोठे भगदाड पाडण्याची. घसादुखीस कारणीभूत होणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस हा जीवाणू स्ट्रेप्टोलायसिन-ओ नावाचे विष सोडतो. प्राणवायूच्या संपर्कात हे विष निष्प्रभ होते, म्हणून त्याच्या नावात ‘ओ’ हे अक्षर आले. पटलातील कोलेस्टेरॉल हे त्याचे लक्ष्य होय. विषाचे सुटे रेणू कोलेस्टेरॉलला चिकटतात, एकमेकांजवळ येतात आणि तीसहून अधिक रेणूंचे एक कडे तयार होते. मग हे कडे पटलात घुसते. त्यामुळे पडणाऱ्या छिद्राचा व्यास सुमारे २५ ते ३० नॅनोमीटर असतो. हिमोग्लोबिनचा रेणू त्याहून पुष्कळच लहान असल्यामुळे तो या भगदाडातून सरळ बाहेर पडतो.

दुसरी रीत बारीक छिद्राची. गळवे व जखमांतील पू यांच्याशी संबंधित असलेला स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू आल्फा-विष निर्माण करतो. या विषाचे सात रेणू एकत्र येऊन छत्रीसारखी रचना बनते आणि तिचा दांडा पटलातून आरपार जातो. ही रचना १९९६ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली गेली. या छिद्रातून हिमोग्लोबिन बाहेर येऊ शकत नाही. पाणी आणि क्षारांचे कण मात्र सहज ये-जा करू लागतात. आत कोंडलेल्या हिमोग्लोबिनमुळे परासरणाच्या नियमानुसार पाणी सतत आत ओढले जाते. चकतीसारखी पेशी फुगून चेंडूसारखी होते आणि ताण असह्य झाला की फुटते. म्हणजे विषाने केवळ दार किलकिले केले. घर पाडले ते पाण्याने.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. सशाच्या तांबड्या पेशी या आल्फा-विषाला माणसाच्या पेशींपेक्षा शेकडो पटींनी अधिक बळी पडतात. एका प्राण्याच्या रक्तावर जे दिसले, तेच माणसाच्या रक्तात तितक्याच तीव्रतेने घडेल असे गृहीत धरता येत नाही.

तिसरी रीत पटलच पचवून टाकण्याची. खोल, मातीने मळलेल्या जखमेत प्राणवायूचा शिरकाव होत नाही. अशा ठिकाणी क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जीवाणू वाढतो व गॅस गँग्रीन हा भयंकर विकार होतो. पहिल्या महायुद्धात खंदकांतील अनेक जखमी सैनिक त्याला बळी पडले. या जीवाणूचे आल्फा-विष हे खरे पाहता एक विकर आहे, असे १९४१ मध्ये मार्जोरी मॅकफार्लेन आणि बी. सी. जे. जी. नाइट यांनी सिद्ध केले. ते पटलातील लेसिथिन या मेदद्रव्याचे तुकडे करते. जीवाणूंचे एखादे विष म्हणजे विकर असते, हे तेव्हा प्रथमच कळले. हा जीवाणू रक्तात पसरला तर क्वचित प्रसंगी काही तासांतच तांबड्या पेशींचा मोठा भाग नष्ट होतो आणि रोगी दगावतो.

४. स्पर्श न करता केलेला घात

काही विषे तांबड्या पेशीला हातही लावत नाहीत. तरीही तिचा नाश घडवून आणतात. याचे ठळक उदाहरण म्हणजे शिगा विष. जपानी शास्त्रज्ञ कियोशी शिगा यांनी १८९७ साली रक्ती आवेच्या साथीत त्या रोगाचा जीवाणू शोधून काढला. त्यांच्या नावावरूनच या विषाला हे नाव मिळाले. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या एरवी निरुपद्रवी असणाऱ्या जीवाणूचे काही वाणही हेच विष किंवा त्याच्यासारखे विष निर्माण करतात.

शिगा विष पेशीतील प्रथिननिर्मिती थांबवते. तांबड्या पेशीत प्रथिननिर्मिती मुळात होतच नाही. ज्या घरात चूल पेटत नाही, तेथे चूल विझवून काय साधणार? म्हणून या विषाचा थेट परिणाम तिच्यावर होत नाही. तो होतो मूत्रपिंडातील बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर. हे अस्तर दुखावले की त्या जागी सूक्ष्म गुठळ्या जमतात. वाट अरुंद आणि खडबडीत होते. तीतून वेगाने जाताना तांबड्या पेशी चिरल्या जातात. सूक्ष्मदर्शकाखाली रुग्णाच्या रक्तात शिरस्त्राणाच्या किंवा त्रिकोणाच्या आकाराचे त्यांचे तुकडे दिसतात. तांबड्या पेशींचा नाश, रक्तपट्टिकांची घट आणि मूत्रपिंडांचे काम मंदावणे या तीन गोष्टी एकत्र आढळणाऱ्या विकाराचे वर्णन १९५५ साली कोनराड गासर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. तो प्रामुख्याने लहान मुलांना होतो. वेल्लोर येथील डॉक्टरांनी १९७८ मध्ये दक्षिण भारतातील मुलांत आवेनंतर उद्भवलेल्या या विकाराची नोंद केली.

हा प्रश्न केवळ अस्वच्छ वस्त्यांचा आहे, असेही समजू नये. २०११ च्या उन्हाळ्यात जर्मनीत ई. कोलायच्या एका घातक वाणाची साथ पसरली. आठशेहून अधिक लोकांना हा विकार जडला आणि पन्नासहून अधिक लोक मरण पावले. शोध घेता घेता संशयाची सुई मोड आलेल्या मेथीच्या दाण्यांवर येऊन थांबली. कच्चे मोड खाण्याची आवड आपल्याकडेही आहे. म्हणून मोड स्वच्छ पाण्यात धुऊन, वाफवून किंवा शिजवून खाणे शहाणपणाचे ठरते.

पाठगत प्रश्न २

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) स्ट्रेप्टोलायसिन-ओ या विषाचे लक्ष्य पटलातील ............ हे असते.
(आ) स्टॅफिलोकॉकसच्या आल्फा-विषाचे ............ रेणू मिळून एक छिद्र बनते.
२. शिगा विषाचा तांबड्या पेशीवर थेट परिणाम का होत नाही? एका वाक्यात उत्तर लिहा.

५. बाहेर सांडलेले हिमोग्लोबिन

पेशीच्या आत असताना हिमोग्लोबिन जीवनदायी असते. तेच रक्तद्रवात सांडले की शरीराला भार होते. शरीराने त्यासाठी एक व्यवस्था केलेली आहे. रक्तद्रवातील हॅप्टोग्लोबिन नावाचे प्रथिन सुट्या हिमोग्लोबिनला मिठी मारते आणि भक्षक पेशींच्या स्वाधीन करते. परंतु हॅप्टोग्लोबिनचा साठा मर्यादित असतो. पेशी मोठ्या संख्येने फुटल्या की तो संपतो. मग हिमोग्लोबिन मूत्रपिंडांतून गळू लागते आणि लघवीचा रंग तांबूस किंवा काळ्या चहासारखा होतो. मूत्रपिंडांना इजा पोहोचते. हिमोग्लोबिनच्या विघटनातून पिवळे रंगद्रव्य वाढून डोळे पिवळे दिसतात. प्राणवायूचा पुरवठा घटल्यामुळे रोगी फिकट पडतो व त्याला धाप लागते. ही लक्षणे इतर कारणांनीही उद्भवू शकतात. मात्र ताप, जुलाब किंवा चिघळलेली जखम यांच्यासोबत ती दिसली, तर रुग्णालय गाठण्यास क्षणाचाही विलंब लावू नये.

जीवाणूला या विध्वंसातून काय मिळते? याचे एक उत्तर ‘लोह’ असे आहे. बहुतेक जीवाणूंना वाढीसाठी लोह लागते आणि मानवी शरीर ते मोकळे ठेवत नाही. शरीरातील सुमारे दोन तृतीयांश लोह हिमोग्लोबिनमध्ये बंदिस्त असते. तांबडी पेशी फोडणे म्हणजे लोहाचे कोठार फोडणे होय. तथापि हे उत्तर अपुरे आहे. यांपैकी पुष्कळ विषे पांढऱ्या पेशींवर आणि इतर ऊतींवरही हल्ला चढवतात. जीवाणूच्या दृष्टीने आपल्याला गिळायला येणाऱ्या पांढऱ्या पेशीचा नाश अधिक मोलाचा असू शकतो. तांबड्या पेशीचे फुटणे आपल्या नजरेत भरते ते तिच्या रंगामुळे.

६. साक्षीची मर्यादा

तांबडी पेशी अशा रीतीने जीवाणूच्या उपस्थितीची साक्ष देते. परंतु साक्षीदार जेवढे पाहतो तेवढेच सांगतो. हे पटकीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

सिनाई द्वीपकल्पातील एल तोर येथे यात्रेकरूंसाठी विलगीकरण केंद्र होते. १९०५ साली तेथे फेलिक्स गॉट्श्लिख यांना पटकीच्या जीवाणूसारखाच दिसणारा एक वाण आढळला. जुना वाण मेंढीच्या तांबड्या पेशी फोडत नसे. हा नवा वाण त्या फोडत असे. या भेदाचा उपयोग दोन्ही वाण ओळखण्यासाठी होऊ लागला. १९६१ मध्ये इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरून एल तोर वाणाची जागतिक साथ पसरली आणि १९६४ मध्ये ती भारतात पोहोचली. पुढे मात्र याच वाणाच्या अनेक पिढ्या तांबड्या पेशी फोडेनाशा झाल्या आणि त्या कसोटीवर विसंबून राहता येईना.

शिवाय पटकीचा रोगी रक्तविलयनाने मरत नाही. तो मरतो शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्याने. कोलकात्याचे शास्त्रज्ञ डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली या रोगाचे खरे विष दाखवून दिले. पटकीचे जीवाणू ज्या द्रवात वाढवले होते, तो द्रव गाळून त्यांनी जीवाणूरहित केला व सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात सोडला. जीवाणू नसतानाही आतडे पाण्याने भरून आले. घात जीवाणूच्या नुसत्या अस्तित्वाने होत नाही. त्याने सोडलेल्या विषाने होतो, हे यावरून सिद्ध झाले. बशीतील वलयावरून जीवाणूची ओळख पटण्यास मदत होते, परंतु रोगाची संपूर्ण कथा त्यावरून कळत नाही.

७. दुखऱ्या घशाकडून हृदयाकडे

आता आपण ज्या मुलाच्या घशापासून आरंभ केला, त्याच्याकडे वळू. त्याच्या घशातील नमुन्याभोवती स्वच्छ वलय दिसले होते. ते घसा दुखण्याचे कारण कोणते, यापेक्षाही अधिक काही सांगू शकते.

बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि आपोआप बरी होते. तिच्यावर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिसमुळे होणारी घसादुखी मात्र वेगळी. तीही काही दिवसांत शमते. मूल खेळू लागते. घरचे निर्धास्त होतात. परंतु काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, मोठे सांधे एकामागून एक सुजतात आणि हृदयाला सूज येते. हा संधिज्वर होय. जीवाणूविरुद्ध जागी झालेली शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच ऊतींवर उलटते. सांधे बरे होतात; हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या विद्रूप होऊ शकतात. पाच ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना हा धोका अधिक असतो. भारतात आजही अनेक तरुण स्त्री-पुरुषांच्या झडपांवर शस्त्रक्रिया करावी लागते ती बालपणीच्या अशा विस्मृत घसादुखीमुळे.

संधिज्वर प्रकट होतो तेव्हा घशातील जीवाणू बहुधा नाहीसा झालेला असतो. मग पुरावा कोठे शोधायचा? येथेही तांबड्या पेशीच कामी आल्या. स्ट्रेप्टोलायसिन-ओ शरीरात आले की त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. १९३२ साली ई. डब्ल्यू. टॉड यांनी ती मोजण्याची रीत सांगितली. रुग्णाच्या रक्तातील रक्तजल, ठरावीक विष आणि तांबड्या पेशी एकत्र करायच्या. पेशी फुटल्या नाहीत, तर रक्तजलातील प्रतिपिंडांनी विष निकामी केले असे समजायचे. ‘ए. एस. ओ.’ म्हणून परिचित असलेल्या या तपासणीच्या पद्धती आता बदलल्या आहेत. तिचे तत्त्व मात्र तेच आहे. ही तपासणी जीवाणूचा संसर्ग होऊन गेल्याचे सांगते. एवढ्यावरूनच संधिज्वर झाला असे ठरत नाही. तो निर्णय डॉक्टर इतर लक्षणे पाहून करतात.

यातून निघणारा व्यवहारी बोध साधा आहे. अशी घसादुखी सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन दिले, तरी संधिज्वर बहुतांशी टाळता येतो. गोळ्या दिल्या असतील तर घसा दोन दिवसांत बरा वाटला तरी सांगितलेली मुदत, सामान्यतः दहा दिवस, पूर्ण करावी लागते. स्वतःच्या मनाने औषध सुरू करणे जितके चुकीचे, तितकेच ते मध्येच सोडणेही घातक.

एका बशीत रात्रभरात असंख्य तांबड्या पेशी फुटतात. त्यांच्या फुटण्यातून उमटलेली खूण वेळीच वाचली गेली, तर एका मुलाचे हृदय आयुष्यभर शाबूत राहू शकते.

पाठगत प्रश्न ३

१. चूक की बरोबर ते लिहा.
(अ) हॅप्टोग्लोबिन सुट्या हिमोग्लोबिनशी जोडले जाते.
(आ) पटकीच्या रोग्याचा मृत्यू रक्तविलयनामुळे होतो.
(इ) प्रत्येक घसादुखीवर प्रतिजैविक घेतले पाहिजे.
२. डॉ. शंभुनाथ डे यांनी द्रव गाळून का घेतला असावा?

भाषा अभ्यास

(क) शास्त्रीय लेखनात एक शब्द एकाच निश्चित अर्थाने वापरला जातो. अशा शब्दांना पारिभाषिक शब्द म्हणतात. त्यांची घडण कळली की अर्थ लक्षात राहतो. उदाहरणार्थ, जीव + अणु = जीवाणु (जीवाणू) हा स्वरसंधी आहे; ‘रक्तविलयन’ म्हणजे रक्ताचे विलयन, हा षष्ठी तत्पुरुष समास आहे.

(ख) ‘प्रतिपिंड’, ‘प्रतिजैविक’ या शब्दांत ‘प्रति’ हा उपसर्ग ‘विरुद्ध’ या अर्थाने आला आहे. याच अर्थाने ‘प्रति’ आलेले आणखी दोन शब्द लिहा.

(ग) ‘विषाने केवळ दार किलकिले केले, घर पाडले ते पाण्याने.’ या वाक्यात रूपकाच्या भाषेत एक भौतिक नियम सांगितला आहे. तोच आशय रूपक न वापरता दोन वाक्यांत लिहा.

तुम्ही काय शिकलात

• तांबड्या पेशीला केंद्रक व प्रथिननिर्मितीची यंत्रणा नसल्याने पटलाला झालेली इजा ती सहसा भरून काढू शकत नाही.
• काही विषे पटलाला मोठी किंवा बारीक छिद्रे पाडतात, काही पटलातील मेद तोडतात, तर शिगा विष रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडवून तांबड्या पेशींचा अप्रत्यक्षपणे नाश करते.
• पेशीबाहेर आलेले हिमोग्लोबिन मूत्रपिंडांना अपायकारक ठरते.
• रक्तविलयन हे जीवाणू ओळखण्याचे साधन आहे. परंतु केवळ त्यावरून रोगाचे स्वरूप ठरवता येत नाही.
• स्ट्रेप्टोकॉकसमुळे झालेल्या घसादुखीवर वेळीच व पूर्ण उपचार केल्यास संधिज्वर बहुतांशी टळतो.

पाठान्त प्रश्न

१. तांबड्या पेशीने केलेला ‘त्याग’ आणि त्याची ‘किंमत’ या शब्दांतून लेखकाला काय सुचवायचे आहे?
२. बारीक छिद्र पडूनही पेशी कशी फुटते, ते परासरणाच्या आधारे स्पष्ट करा.
३. ‘साक्षीदार जेवढे पाहतो तेवढेच सांगतो’ या विधानाची सत्यता एल तोर वाणाच्या उदाहरणाने पटवून द्या.
४. पाठाच्या शीर्षकाची समर्पकता आठ-दहा वाक्यांत स्पष्ट करा.
५. तुमच्या शेजारच्या मुलाचा घसा बरा वाटू लागल्याने त्याच्या पालकांनी डॉक्टरांनी दिलेले औषध तिसऱ्या दिवशीच थांबवले आहे. त्यांना समजावून सांगणारा संवाद लिहा.

शब्दार्थ

जीवविष – सजीवाने निर्माण केलेले विष
पटल – पातळ पडदा
परासरण – अर्धपार्य पटलातून पाण्याचे अधिक संहत द्रावणाकडे जाणे
विकर – शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन
केशवाहिनी – केसासारखी बारीक रक्तवाहिनी
ऊती – समान पेशींचा समूह
पटकी – कॉलरा
वाण – एकाच जातीतील पोटप्रकार
रक्तजल – रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ द्रव

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) – (२), (आ) – (३)
२. १. (अ) कोलेस्टेरॉल (आ) सात. २. शिगा विष प्रथिननिर्मिती थांबवते आणि तांबड्या पेशीत प्रथिननिर्मिती होतच नाही.
३. १. (अ) बरोबर (आ) चूक (इ) चूक. २. परिणाम जीवाणूंचा नसून त्यांनी सोडलेल्या विषाचा आहे, हे निःसंशयपणे दाखवता यावे म्हणून.